नुसतं पडून राहायचं

"काही करायचं नाही. झोपायचं नाही. नुसतं पडून राहायचं." एवढंसं काम माणसाला किती अवघड जातं, ते मला सरांच्या हाताखाली लागेपर्यंत माहीत नव्हतं. एमआरआयच्या मशीनमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला सर हे स्वतः समजावून सांगत. "भैया, कुछ नहीं करना है. सामने जो निशान दिखेगा, उसे देखते रहना. मन में जो आए, आने दो." समोरच्याच्या चेहऱ्यावर शंका दिसली, की सर चपला काढून तिथेच फरशीवर उताणे पडत आणि काहीच न करता कसं पडायचं ते करून दाखवत. साठी उलटलेले गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि डोळे छताला लावून फरशीवर आडवे. पहिल्या दिवशी हे बघून मी घरी गेले आणि नवऱ्याला म्हटलं, नोकरी चांगली आहे, पण डॉक्टर कोण आणि पेशंट कोण ते अजून नक्की कळलं नाही.

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही जबलपूरला आलो. विजय नगरमध्ये फ्लॅट घेतला, सामान लावलं, पडदे टांगले, आणि मग मला घर खायला उठलं. नाशिकला मी एमआरआयची टेक्निशियन होते. इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात तसलीच जागा निघाली. सहा दिवस मशीनखाली गुडघे, मणके आणि कंबरा जात. रविवारची सकाळ मात्र सरांची असे. सर मनोविकारतज्ज्ञ. हॉस्पिटलच्या थोरल्या मालकांच्या घरातल्या कोणाला तरी त्यांनी मरणाच्या दारातून परत आणलं होतं, त्याची जाण ठेवून मालकांनी त्यांना रविवार दिला होता.

"रविवारी यावं लागते," सर मला पहिल्या भेटीत म्हणाले. "जमते न?"

मी म्हटलं, रविवार कसा जमेल, मला घर आहे.

"घर तर सगळ्यांनाच आहे. काहून नाही जमत?"

हे त्यांनी अशा निरागसपणे विचारलं की मला कारणच सुचेना. माझा स्वभाव तसा तिखट आहे, माणसाला दोन सुनवल्याशिवाय मला चैन पडत नाही. सरांपुढे ती सवय बरेच दिवस उपाशी राहिली.

मेंदू रिकामा असताना काय करतो, हा त्यांचा ध्यास. ते म्हणत, माणसाला गणित घाला, चित्रं दाखवा आणि मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते बघा, हे करणारे पुष्कळ आहेत. पण ज्याला सांगितलेलं समजतं की नाही हेच आपल्याला कळत नाही, त्याला कुठलं गणित घालणार? त्याला नुसतं पडू द्यायचं. मेंदू तेव्हाही थांबत नाही. रक्तातला प्राणवायू कुठे वाढतो, कुठे उतरतो, असं संथपणे चालूच असतं, आणि डोक्यात एकमेकांपासून लांब असलेले काही भाग बरोबरीनं चढतात, बरोबरीनं उतरतात. सर त्याला त्या भागांची बोलचाल म्हणत. खोल निराशेच्या आजारात काही भाग नको तितकं बोलत बसतात, स्किझोफ्रेनियात काहींची बोलचाल तुटल्यासारखी दिसते, स्मृती जाणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये ती विरत जाते, असं जगभरच्या अभ्यासकांना दिसू लागलं होतं. यातून आजार नीट समजतील अशी आशा होती. पण सर लगेच बोट वर करून बजावत, "एकट्याचं चित्र काही सांगत नाही, बेटा. पुष्कळ आजारी आणि पुष्कळ धडधाकट घे, सरासरी काढ, तेव्हा कुठे फरक दिसते. एकटा माणूस घेतला की सगळं धूसर."

त्या सरासरीसाठी धडधाकट माणसंही लागत, आणि सर ती कुठूनही उचलून आणत. धडधाकट कोण? ज्याला झोप लागते आणि सकाळी भूक लागते तो, एवढी सरांची सोपी व्याख्या होती. जवळच्या पनागर गावचा एक भाजीवाला असाच आला, फोटो काढायचा आहे असं समजून नवा शर्ट घालून. स्कॅन झाल्यावर सर प्रत्येकाला विचारत, "क्या आया मन में?" आणि उत्तर ऐकताना डोळे मिटून घेत. भाजीवाला म्हणाला, "साहब, मटर में पानी छूटा है. मोटर बंद की कि नहीं, वही घूमता रहा." सर इतके खूष झाले की पुढे महिनाभर येईल त्याला ही गोष्ट सांगत होते. एका निवृत्त अधिकाऱ्यानं छाती फुगवून सांगितलं, मी पूर्ण वेळ ईश्वराचं ध्यान केलं. सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे झोपले होते." बायकांच्या मनात बहुतेक गॅस, दूध आणि मुलं. काहीच मनात आलं नाही असं म्हणणाऱ्यावर सरांचा विश्वास नसे.

त्यांना स्वतःला मात्र हे जमत नसे. मशीनमध्ये डोकं जराही हललेलं चालत नाही, हललं की सगळं वाया. आम्ही दोन्ही बाजूंनी फोमचे तुकडे ठासून बसवत असू, तरी सरांची मान हलायचीच. "आता काय झालं असेल, काचेतून बघू का," असं त्यांना आत पडल्यापडल्या वाटे. जन्मभर दुसऱ्यांना स्वस्थ पडायला शिकवणाऱ्या या माणसाचा एकही स्कॅन कामाचा निघाला नाही. मी त्यावरून त्यांना फार छळलं.

रस्त्यात, थांब्यावर, बँकेच्या रांगेत कोणी रिकामं बसलेलं दिसलं की सर त्याच्याकडे टक लावून बघत. एकदा शहराच्या कडेला, रांझीच्या फॅक्टरीवस्तीत आम्ही माणसं गोळा करायला गेलो होतो. फॅक्टरीतून सुटलेला एक जण थांब्यावर बसची वाट बघत, समोरच्या धुळीत नजर लावून बसला होता. सर त्याच्यापासून दोन हातांवर जाऊन उभे राहिले.

"क्या देख रहे हो, अंकल?" तो शेवटी वैतागून म्हणाला.

"कुछ नहीं भैया, आप कुछ नहीं कर रहे थे, वही देख रहा था."

"कुछ नहीं कर रहे? सुबह से खड़े-खड़े ड्यूटी करके आए हैं हम." तो उठला, आजूबाजूचे चारजण उठले, आणि मी सरांचा हात धरून त्यांना ऑटोत कोंबलं. वाटेत मी भरपूर बोलून घेतलं. सर बाहेर रस्त्याकडे बघत होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, "ताई अशीच बसते. पण तिची नजर अशी नसते, बेटा. त्याची बसकडे होती."

ताई म्हणजे सरांची थोरली बहीण. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा घरी घेऊन गेले. घर नेपियर टाऊनमध्ये. यांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच होऊन राहिले. दार काकूंनी उघडलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला मोकळ्या. आतल्या खोलीत पलंगावर पाय घेऊन एक बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. साडी चापूनचोपून नेसलेली, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, बाजूनं बघितलं तर कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. मी नमस्कार केला. त्यांनी मान वळवली नाही.

मग तिथेच, त्यांच्या पाठीमागे उभं राहून, सरांनी मला त्यांची सगळी हकिगत सांगितली. लग्न होऊन ताई रांझीला गेल्या, नवरा फॅक्टरीत होता. दोन-तीन वर्षांत त्या बोलेनाशा झाल्या. आधी कमी, मग काहीच नाही. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं ते परत न्यायला आला नाही. सर तेव्हा मेडिकलला होते, ताईपायीच त्यांनी मनोविकारांचा विषय घेतला. स्वतः उपचार केले, मोठमोठ्यांना दाखवलं, सगळी औषधं झाली. ताई सांगितलं की उठत, न्हात, जेवत. वर्षातून एखादा शब्द तोंडातून निघे, तोही पाणी किंवा नको असा.

"सर, त्यांना ऐकू जात असेल," मी न राहवून म्हटलं.

"तेच तर माहीत नाही न, बेटा. हे सगळं मी काहून करून राहिलो? ती आत आहे का निघून गेली, एवढं समजलं पाहिजे. बस, बाकी मला काही नको."

मला त्यांचा रागही आला आणि गलबलूनही आलं. रविवारी न येण्याचा विचार मी त्या दिवसापासून सोडून दिला.

पण ताईंना ते मशीनपर्यंत आणत नव्हते. मी विचारलं की कधी म्हणायचे अजून धडधाकट माणसं पुरेशी झाली नाहीत, कधी म्हणायचे थंडी जाऊ दे, कधी मशीनचाच भरवसा नाही म्हणायचे. मला वाटे, माणूस घाबरला आहे. आत कोणी नाही असं निघालं तर? भीती होतीच, पण ती वेगळी होती.

मशीनच्या खोलीत अंगावर धातू चालत नाही. बांगड्या निघतात, जोडवी साबण लावून निघतात, मंगळसूत्राला मात्र बायका हात लावू देत नाहीत. एक बाई तर दारातूनच माघारी गेली. पुढच्या रविवारी सर किराणा दुकानातून हळकुंडं आणि सुताचं रीळ घेऊन आले. मंगळसूत्र वाढलं तर नवं ओवून येईपर्यंत गळ्यात हळकुंड बांधायची आपल्याकडची जुनी रीत. सरांनी ती मशीनच्या दाराशी आणून बसवली. स्वतः दोरा हळदीत भिजवत, हळकुंडाला गाठ मारत. हिंदी बायकांना सांगत, "हल्दी की गाँठ है, माताजी. घर का ही आदमी बाँधेगा. सुहाग को कुछ नहीं होगा." मग नवरा असेल तर नवऱ्याकडून, नाहीतर सासूकडून ती गाठ बांधून घेत. बायका निमूट आत जात. कानात घालायच्या बोळ्यांशेजारी हळकुंडांचा डबा कायमचा झाला, मशीनच्या गादीवर पिवळे डाग पडले, व्यवस्थापक कुरकुरला. मी म्हटलं, सर, आता संक्रांतीला मशीनची ओटी भरा. "चलो, भरू," म्हणाले, आणि त्यांचा काही नेम नव्हता म्हणून मीच विषय बदलला.

रांझीच्या एका आईची गोष्ट याच दिवसांतली. मुलगा पंचविशीचा, उंचापुरा, आणि ताईंसारखाच गप्प. आई त्याला हाताला धरून आणायची, डब्यात त्याच्या आवडीचं काहीतरी असायचं. स्कॅन झाल्यावर पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र उमटलं. ती काचेशी येऊन ते बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "इसमें मेरा लड़का कहाँ है, डॉक्टर साहब?"

"इसमें नहीं दिखता, माताजी. अकेले आदमी का इसमें कुछ नहीं दिखता. बहुत लोगों का मिलाकर देखेंगे, तो आगे किसी के काम आएगा."

"इसके काम नहीं आएगा?"

"नहीं," सर म्हणाले.

तिनं डब्याला फडकं बांधलं, मुलाचा हात धरला आणि गेली. मी सरांवर भडकले. काय बिघडलं असतं, बरा होईल हो, एवढं म्हटलं असतं तर? तिची जायची वाट तरी हलकी झाली असती.

"खोटं बोलू? एकदा बोललं न, की मग रोज बोलावं लागते. घरी यावं लागते, जेवावं लागते, आणि बोलतच राहावं लागते." हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्या दिवशी त्यांनी स्वतःचा जेवणाचा डबा उघडला नाही.

यात घर आणि जेवण कुठून आलं, ते मला काकूंनी सांगितलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. म्हटलं, सर ताईंना का आणत नाहीत? हळकुंड बांधायची सोय तर त्यांनी स्वतःच केली आहे.

काकूंनी गॅस बारीक केला. "कोणाच्या नावानं बांधायचं? ते गेले न."

ताईंचा नवरा काही वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला होता. फॅक्टरीतल्या कोणी निरोप पाठवला, सर जाऊन अग्नी देईपर्यंत थांबले. घरी ठरलं, ताईंना सांगायचं नाही. आधीच तिचं काही उरलं नाही, त्यात हे कशाला. कुंकू लावून द्यायचं काम काकूंचं, ते त्या रोज सकाळी करत राहिल्या.

"आता मंगळसूत्र काढायचं तर सांगणं आलं," काकू म्हणाल्या. "आणि न सांगता हळकुंड बांधायचं, तर मेलेल्या माणसाच्या नावानं भावानंच बांधल्यासारखं होते. हेही करवत नाही त्यांच्यानं, तेही करवत नाही."

सर कदाचित तसेच टाळत राहिले असते. पण थोरले मालक वारले आणि धाकट्यांनी रविवारही पेशंटांना खुला करायचं ठरवलं. सरांना तसा निरोप आला. दोन दिवसांनी मला म्हणाले, "या रविवारी ताईला आणतो."

जानेवारीची सकाळ होती, धुकं होतं. काकू ताईंचा हात धरून आल्या आणि बाहेर बाकावर बसल्या. कपडे बदलायच्या खोलीत मी, ताई आणि सर. बांगड्या मी काढल्या. जोडवी काढताना ताईंनी स्वतः पाय पुढे केला. मंगळसूत्राकडे मी हात नेला तशी सर म्हणाले, "ते राहू दे, मी काढतो." त्यांनी खिशातून हळदीचा दोरा काढला. हळकुंड त्यांच्या हातून दोनदा खाली पडलं.

"ताई, हे थोडा वेळ काढायचं हं. मशीन आहे न. तोवर हे बांधून देतो. झालं की लगेच परत घालू."

ताईंनी त्यांचं मनगट धरलं. मी दचकलेच, कारण त्यांनी आपणहून कोणाला स्पर्श केलेला मी कधी पाहिला नव्हता. मग त्या बोलल्या. आवाज घोगरा, वापरात नसलेला, पण शब्द स्वच्छ.

"हे नको बांधू. ते गेले न."

सरांचा हात दोऱ्यासकट खाली आला.

"तू त्या दिवशी मागच्या दारानं आला. कपड्यांसकट न्हाणीत गेला. आणि संध्याकाळी माझ्यासाठी खव्याची जिलबी आणली."

"ताई," सर म्हणाले. "मग तू बोलली काहून नाही?"

"तू सांगशील म्हटलं."

एवढंच. मग त्यांनी स्वतःच गळ्यातलं काढलं, माझ्या हातात दिलं आणि मशीनच्या दाराकडे चालू लागल्या. सर भिंतीला टेकून उभे होते. लहान मुलासारखे रडत होते आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून शर्टाची बाही तोंडात धरली होती.

सूचना मलाच द्यावी लागली. काही करू नका, झोपू नका, नुसतं पडून राहा, हे मी मराठीतून पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. ताई पडून राहिल्या. मान तसूभर हलली नाही. इतका स्वच्छ स्कॅन आमच्याकडे कोणाचा झाला नव्हता. इतक्या वर्षांनी बोललेली, आत्ताच स्वतःच्या हातानं मंगळसूत्र उतरवलेली बाई त्या नळीत होती, आणि माझ्यासमोरच्या पडद्यावर पनागरच्या भाजीवाल्याचं दिसलं होतं तसंच सगळं दिसत होतं. मला त्या मशीनचा त्या क्षणी भयंकर संताप आला.

पुढे सर त्या स्कॅनवर बरेच दिवस बसले. धडधाकटांत ठेवला तर त्यांच्यात मावत होता, आजाऱ्यांत ठेवला तर त्यांच्यातही. मी म्हटलं, एकट्याचं चित्र काही सांगत नाही, तुमचंच म्हणणं आहे.

"अच्छा, राहू दे ते," सर म्हणाले आणि कॉम्प्युटर बंद केला. "आता मशीन कशाला पाहिजे? ती आहे, बेटा. आतच आहे. सगळं समजून राहिली आहे."

रविवार बंद झाले, पण माझं त्यांच्या घरी जाणं सुटलं नाही. सरांनी आता नवीनच लावून घेतलं होतं. संध्याकाळी ताईंच्या पलंगाशी खुर्ची ओढायची आणि इतक्या वर्षांत जे जे सांगितलं नाही ते सांगत सुटायचं. गल्लीतलं कोणतं घर कोणी घेतलं, कोणाचा मुलगा परदेशी गेला, चुलत्यांच्या वाटणीत काय झालं, स्वतःला कुठली नोकरी मिळाली नाही, काकूंशी कशावरून भांडण झालं. ताई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. गळा मोकळा, कपाळ मोकळं. काकूंनी एकदा टिकली लावून पाहिली, ती त्यांनी बोटानं पुसून टाकली. हॉस्पिटलातल्या त्या सकाळनंतर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. सरांना त्याचं काही वाटत नव्हतं. आपलं ऐकलं जातं आहे, एवढ्यावर ते तृप्त होते. इतक्या वर्षांत त्यांना इतकं मोकळं मी पाहिलं नव्हतं, आणि तरी मला त्या खोलीत बसवत नसे.

काकूंना एक काळजी होती. "सासूबाईंचं राहिलं आहे," त्या माझ्यादेखतच सरांना म्हणाल्या. सरांची आई नागपूरला धाकट्या मुलाकडे राहायला गेली होती, ती तिथेच वारली. तेव्हाही ताईंना सांगितलं नव्हतं. विचारणारं कोणी नव्हतंच, तरी आई नागपूरला आहे, एवढं काकू अधूनमधून बोलता बोलता म्हणत. "जवळ बसून, हात धरून नीट सांगा एकदा."

"अग, तिला माहीत आहे," सर हसून म्हणाले. "नवऱ्याचं ओळखलं, ते आईचं नाही ओळखणार? पुन्हा सांगून काहून दुखवायचं?"

"ते इथे झालं, तिनं डोळ्यांनी पाहिलं. आईंचं सगळं नागपूरला झालं न. तुम्ही दिवस उरकून आले. तिला दिसलं काय?"

"माहीत आहे तिला," सर म्हणाले. ताईला काही कळत नाही, असं धरून या माणसानं इतकी वर्षं काढली होती. आता तिला सगळं कळतं, असं त्यांनी तितक्याच खात्रीनं धरलं. मी काकूंच्या बाजूनं बोलले, पण बहीण परत मिळालेल्या माणसाशी किती वाद घालणार?

पुढच्या हिवाळ्यातली संध्याकाळ. थंडी कडाक्याची होती. मी ताईंच्या खोलीत बाजूला खुर्चीवर बसले होते, काकू चहा आणायला आत गेल्या होत्या. सर गुडघ्यांवर शाल घेऊन नेहमीसारखे बोलत होते. या वर्षी मटार किती गोड आहे, हात कसे गारठून राहिले आहेत, असलंच काहीबाही. मग सहज, जुनी आठवण निघावी तसे म्हणाले, "आई गेली न ताई, त्या वर्षी अशीच थंडी होती. आठवते?"

काकू ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

ताई वळल्या. पूर्ण वळल्या, पलंगावरचे पाय खाली घेऊन. आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग सरांकडे. त्यांचा चेहरा आपणहून असा आमच्याकडे वळलेला मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तो चेहरा अगदी सरांसारखा होता.

"आई गेली?"

सरांनी ‘हो’ म्हटलं. ताईंनी ते ऐकलं, पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. नवऱ्याची बदली होऊन आम्ही जबलपूर सोडलं, तोवर मी त्या घरी पुष्कळदा गेले. त्या परत कधी वळल्या नाहीत. सर त्यांच्या शेजारी बसलेले असत, पण आता तेही काही बोलत नसत.